समुद्राचे आकडे कोण दुरुस्त करतं?

(मंचाच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही संदर्भ गाळले आहेत.)



आजच्या विषयाचं निमित्त एक ईमेल आहे. आपल्यातल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी ती मला फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "यावर तुझं काय म्हणणं?" मेलचा मथितार्थ असा : समुद्राच्या तापमानाचे जुने आकडे शास्त्रज्ञांनी मागाहून बदलले आहेत, तेव्हा जागतिक तापमानवाढ हा सगळा बनाव आहे. 'बनाव नाही' असं दोन ओळींत कळवून मी मोकळी झाले असते. पण त्या मेलचा पहिला अर्धा भाग खरा आहे. आकडे बदललेले आहेत, पुष्कळ वेळा बदललेले आहेत, आणि माझ्या पेशातला बराचसा वेळ अशा दुरुस्त्या करण्यात किंवा इतरांच्या दुरुस्त्या तपासण्यात जातो. म्हणून आज मी सांगणार आहे ते एवढंच, की आकडे का बदलावे लागतात आणि बदल प्रामाणिक आहे की लबाड हे कसं ओळखायचं. वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या गप्पा आपण इथे नेहमी मारतो. हा त्याचा एक धडधडीत नमुना आहे.

सुरुवात बादलीपासून करू. जहाजावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्यायची जुनी रीत म्हणजे दोरीला बादली बांधून पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा लॉगबुकात लिहायचा. आधी बादल्या लाकडी असत, पुढे कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हासची बादली झिरपते. ती डेकवर येऊन माणूस थर्मामीटर वाचेपर्यंत दोनचार मिनिटं जातात आणि तेवढ्यात वाऱ्यानं पाणी गार होतं. माठातलं पाणी गार का होतं हे आपल्यापैकी कोणाला शिकवायला नको. म्हणजे बादलीचा आकडा समुद्रापेक्षा थोडा थंड. (ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर या बादल्या ओढणाऱ्यांत रत्नागिरीकडचे खलाशीही असणार. त्यांची नावं लॉगबुकात सापडत नाहीत, आकडे सापडतात.) पुढे वाफेची आणि डिझेलची मोठी जहाजं आली. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्या नळावरच थर्मामीटर बसवला की काम झालं. पण तो नळ इंजिनच्या खोलीत असतो, तिथे भट्टी पेटलेली. म्हणून हा आकडा थोडा गरम.

आता दुसरं महायुद्ध आठवा. जानेवारी १९४२ ते ऑगस्ट १९४५ या काळातल्या ज्या नोंदी आपल्यापर्यंत पोचल्या, त्यांतल्या सुमारे ८० टक्के अमेरिकी जहाजांच्या होत्या, आणि ती प्रामुख्यानं इंजिनच्या नळावर मोजत. युद्ध संपलं आणि नोंदींत ब्रिटिश जहाजांचा वाटा एकदम वाढून निम्म्यावर गेला. ते बादलीवाले. परिणाम असा की १९४५ च्या अखेरीस जगाचं सरासरी तापमान सुमारे ०.३ अंशांनी धाडकन खाली आलेलं आलेखात दिसतं. समुद्र गार झालाच नव्हता, मोजणारे बदलले होते. गंमत म्हणजे हा घसरा पाठ्यपुस्तकांतल्या आलेखांत वर्षानुवर्षं बसून होता, आणि तो नेमका कशामुळे आहे हे २००८ साली डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं.

आपल्यात आयटीवाले बरेच आहेत, त्यांच्यासाठी दुसरा किस्सा. जपानी जहाजांच्या जुन्या नोंदींचा एक मोठा साठा कोबे संग्रह म्हणून ओळखला जातो. त्यातला एक भाग १९६० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलानं पंचकार्डांवर चढवला, तेव्हा दशांश चिन्हापुढचा आकडा सरळ छाटून टाकला. जवळच्या पूर्णांकात नेला नाही, छाटला. १८.९ चे १८ झाले. साहजिकच १९३० च्या दशकातला उत्तर पॅसिफिक होता त्यापेक्षा थंड दिसू लागला. हा बग सापडला २०१९ साली. तोपर्यंत त्या थंडपणाची कारणं लोक निसर्गात शोधत होते.

म्हणजे हे आकडे जसेच्या तसे ठेवणं हाच अप्रामाणिकपणा झाला असता. आणि एक गोष्ट त्या मेलमध्ये सोयीस्करपणे वगळली आहे : बादलीची दुरुस्ती केल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा समुद्र थोडा अधिक गरम ठरतो, त्यामुळे शंभर वर्षांतली एकूण वाढ कमी होते. बनाव करणाऱ्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेतला असता?

पण यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, तुमच्या सोयीची दुरुस्ती तुम्ही केलीत की मग? तेही घडलं. १९९० नंतर समुद्रात तापमान मोजणारे बोये वाढत गेले. बोयाचा थर्मामीटर थेट पाण्यात असतो, त्यामुळे तो इंजिनच्या नळापेक्षा सरासरी ०.१२ अंशानं थंड दाखवतो. बोये वाढले तशी तापमानवाढ मंदावल्यासारखी दिसू लागली. २०१५ साली 'नोआ' या अमेरिकी सरकारी संस्थेतल्या टॉम कार्ल आणि सहकाऱ्यांनी हा फरक दुरुस्त केला आणि मंदी जवळजवळ नाहीशी झाली. लगेच आरडाओरडा झाला. प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीचे तेव्हाचे अध्यक्ष लमार स्मिथ यांनी संशोधकांच्या ईमेल हजर करा म्हणून समन्स काढलं. खरा निकाल मात्र समितीत लागला नाही. २०१७ मध्ये झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी जहाजांचे आकडे पूर्ण बाजूला ठेवले आणि नुसत्या बोयांवरून, नुसत्या उपग्रहांवरून, नुसत्या आर्गो फ्लोटवरून वेगवेगळे आलेख काढले. तिन्ही दुरुस्त केलेल्या आलेखाशी जुळले. मला यातला महत्त्वाचा शब्द वाटतो तो 'वेगवेगळे'. दुरुस्ती खरी की खोटी हे ठरवायला पहिल्या मापाशी संबंध नसलेलं दुसरं माप लागतं. आणि पृष्ठभागाच्या खाली, जिथे उपग्रहाला दिसत नाही, तिथे ते दुसरं माप अजूनही जहाजच घेतं.

म्हणून जरा जहाजावर चला.

संशोधन जहाज म्हटलं की लोकांना पाणबुड्या आणि व्हेलमासे आठवतात. आमचं काम त्यामानानं कंटाळवाणं असतं. नकाशावर एक रेघ आखलेली असते, एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. त्या रेघेवर साधारण दर ५५ किलोमीटरला थांबायचं. माणसाच्या उंचीचा एक गोल सांगाडा तारेवर बांधून समुद्राच्या तळापर्यंत सोडायचा. त्याच्या पोटात सीटीडी नावाचं यंत्र असतं. ते विद्युतवाहकता, तापमान आणि दाब सेकंदाला २४ वेळा मोजून तारेवाटे वर पाठवतं. विद्युतवाहकतेवरून क्षारता कळते, दाबावरून खोली. सांगाड्याभोवती २४ किंवा ३६ बाटल्यांचं कडं असतं, प्रत्येकी दहाएक लिटरची बाटली, दोन्ही टोकांना उघडी. वर येताना ठरावीक खोलीवर एकेक बाटली बटण दाबून बंद करायची. चार हजार मीटरच्या एका स्टेशनला तीनचार तास लागतात. मग पुढचं स्टेशन. बारा तासांच्या दोन पाळ्या, शनिवार-रविवार नाही, असे चाळीस-पन्नास दिवस. (सांगाड्याला पिशवी बांधून थर्माकोलचे कप खाली पाठवायची जुनी चाल आहे. दाबानं ते चेपून बोटाएवढे होतात. माझ्या भाचीनं देवनागरीत नाव रंगवलेला कप मी असाच पाठवला होता. आज आणलाय, बघून परत द्या.)

कडं डेकवर आलं की बाटल्यांभोवती गर्दी होते, पण तिथे क्रम ठरलेला असतो. आधी विरघळलेले वायू, कारण बाटली उघडली की हवा आत शिरते. ऑक्सिजन, मग कार्बन, मग नायट्रेट-फॉस्फेट, आणि सगळ्यात शेवटी क्षारता, कारण मीठ कुठे उडून जात नाही. विषुववृत्तावर डेकवर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि खालच्या बाटल्यांचं पाणी दोनेक अंशांचं, बोटं बधिर होतात.

यंत्र सगळं मोजत असताना पाणी हातानं कशाला भरायचं, असं इंजिनियर मंडळी मला दर वेळी विचारतात. कारण प्रत्येक सेन्सर हळूहळू भरकटतो आणि आपण भरकटलोय हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून त्याच पाण्याची क्षारता प्रयोगशाळेत प्रमाणित समुद्रपाण्याशी ताडून पाहतात. हे प्रमाणपाणी पूर्वी कोपनहेगनहून येई, आता इंग्लंडमध्ये बनतं. कार्बनसाठी तसंच संदर्भपाणी कॅलिफोर्नियात स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेनं १९९० च्या सुमारास बनवायला घेतलं आणि वर्षानुवर्षं जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवलं. त्याआधी दोन देशांचे कार्बनचे आकडे शेजारी ठेवायचे म्हणजे माझी पायली आणि तुझा शेर असा प्रकार होता. आज आपण म्हणतो की औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला, किंवा माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो. ही वाक्यं खात्रीनं बोलता येतात ती या बाटल्यांच्या जोरावर.

ऑक्सिजन आम्ही अजून विंकलरच्या पद्धतीनं मोजतो. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं ती १८८८ मध्ये दिली. बाटलीत मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड टाकलं की साका तयार होतो. ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो, जितका ऑक्सिजन जास्त तितका गडद. मग आम्ल घालून टायट्रेशन. कॉलेजात आपण सगळ्यांनी थायोसल्फेटचं टायट्रेशन केलंय, तेच हे. अरबी समुद्रात मात्र दोनतीनशे मीटर खोलीवरचं पाणी बाटलीत घेतलं आणि रसायनं टाकली की साका पांढराच्या पांढरा राहतो. ऑक्सिजन जवळजवळ शून्य. पुस्तकात हे अनेकदा वाचलं होतं, तरी पहिल्यांदा तो पांढरा साका पाहिला तेव्हा मी पुन्हा एक नमुना घेतला.

अरबी समुद्र उत्तरेकडून जमिनीनं बंद आहे, त्यामुळे तिकडून ताजं थंड पाणी येत नाही. त्यातच मान्सूनच्या वाऱ्यांनी खालची पोषक द्रव्यं वर येतात, वनस्पतिप्लवक भरमसाट वाढतात, मरून खाली जातात आणि कुजताना ऑक्सिजन खातात. साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात श्वास घ्यायलाच काही उरत नाही. या पट्ट्याची व्यवस्थित मोजणी पहिल्यांदा झाली १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेत. जहाज इजिप्तचं, नाव 'माबाहिस'. पुढे १९५९ ते १९६५ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्यातून १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जी पुढे गोव्यात दोना पावलाला वसली. 'गवेषणी', 'सागर कन्या', 'सिंधु साधना' ही जहाजं त्यानंतरची. जहाजावर बाई नको, ही समजूत पाश्चात्य संशोधन जहाजांवर १९६० च्या दशकापर्यंत नियमासारखी चालत होती. गोव्याच्या संस्थेतल्या, मूळ नागपूरच्या अदिती पंत १९८३-८४ मध्ये सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. माझ्या पिढीतल्या मुलींना घरी परवानगी मागताना हे उदाहरण फार उपयोगी पडलं.

याच संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं की पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपतो आणि नायट्रस ऑक्साइड हा जबर हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. १९७० च्या दशकातल्या मोजण्यांशी तुलना करता परिस्थिती चिघळल्याचं त्यांचं म्हणणं होतं. ही वाढ किती सलग आणि किती वर्षावर्षाच्या चढउताराचा भाग, यावर अजून चर्चा चालू आहे, आणि ती मिटवायला हवेत त्याच जागेचे, त्याच पद्धतीचे, दरवर्षीचे आकडे. गोव्यात कांदोळीसमोर असं एक ठरलेलं स्टेशन आहे. बाकी किनाऱ्यावर अशी स्टेशनं मोजकीच. तिथली मासळी कुठे सरकते, किती मरते, हा प्रश्न रापणकराच्या आणि ट्रॉलरवाल्याच्या पोटाचा आहे.

तुम्ही म्हणाल, आता आर्गो आहे ना. आहे, आणि ते अप्रतिम काम आहे. सुमारे चार हजार फ्लोट जगभर तरंगताहेत. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजारपर्यंत बुडी मारायची, वर येताना मोजायचं आणि उपग्रहाला सांगायचं. पण २००६ साली काय झालं पाहा. फ्लोट आणि जहाजांवरून टाकायचे तांब्याच्या तारेचे एक्सबीटी, दोन्हींचे आकडे एकत्र करून निष्कर्ष निघाला की २००३ ते २००५ मध्ये समुद्राचा वरचा थर थंड झाला. शोधनिबंध छापून आला, तापमानवाढ थांबल्याच्या मेल तेव्हाही फिरल्या. वर्षभरात संशोधकांनीच कळवलं की काही फ्लोट दाब चुकीचा नोंदवत होते, म्हणजे खोलीच चुकीची. आणि एक्सबीटीचे आकडे किंचित गरम येत होते, कारण तो किती खोल गेला हे मोजत नाहीत, पडायला लागलेल्या वेळावरून काढतात. दोन्ही वजा केल्यावर थंडी गेली. एक्सबीटीची ही खोड उघडकीला आली ती जहाजावरच्या सीटीडी आणि बाटल्यांशी ताडून. अलीकडेही फ्लोटवरच्या काही सेन्सरांची क्षारता अपेक्षेपेक्षा लवकर भरकटू लागली, तेव्हाही आधार जहाजांच्या मोजण्यांचा. शिवाय बहुतेक फ्लोट दोन हजार मीटरला थांबतात आणि समुद्राचं जवळपास निम्मं पाणी त्याखाली आहे. तिथली तापमानवाढ दशकाला काही सहस्रांश ते शतांश अंशांची. एवढा बारीक फरक टिपायचा तर तीच रेघ दर दहा वर्षांनी तितक्याच काटेकोरपणे गिरवावी लागते.

ती गिरवताना अडतं ते बहुधा जमिनीवर. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत त्या देशाची संमती लागते. आंतरराष्ट्रीय कायद्यात अर्ज सहा महिने आधी करायचा असतो. माझ्या एका मोहिमेत एका देशाचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही, देशाचं नाव घेत नाही, आणि त्या रेघेचं शेवटचं टोक रिकामं राहिलं. त्या देशाची शंका मला पूर्ण अनाठायी वाटत नाही. वसाहतवाद्यांची जहाजंही सर्वेक्षणाच्या नावानंच आली होती. पण उपाय म्हणून पाणी न मोजणं किंवा मोजलेलं कपाटात बंद ठेवणं मला पटत नाही. भारतातल्या सरकारी खात्यांतही ही कपाटं बरीच आहेत. आर्गोचे आकडे चोवीस तासांच्या आत कोणालाही फुकट मिळतात, आणि भारतही हैदराबादच्या 'इन्कॉइस'मार्फत त्यात सामील आहे, त्यानं कोणाच्या सुरक्षेला धक्का बसलेला नाही.

सोमाली चाचेगिरी २००८ नंतर फोफावली तेव्हा पश्चिम हिंदी महासागर संशोधन जहाजांना जवळजवळ बंद झाला. ओमानच्या आखातात तर पुढे ईस्ट अँग्लिया आणि सुलतान काबूस या विद्यापीठांनी पाण्याखालचे ग्लायडर सोडून मोजणी केली. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की तिथला ऑक्सिजन जुन्या आकड्यांच्या तुलनेत खूपच घटला आहे. मधल्या वर्षांत तो कसा कसा उतरत गेला हे आता कोणालाही सांगता येणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे जहाजं बंदरात परतली आणि स्क्रिप्समधलं संदर्भपाणी बनवायचं कामही विस्कळीत झालं. एका प्रयोगशाळेवर सगळं जग किती टेकलं होतं ते तेव्हा लख्ख दिसलं. आणि इथे, अमेरिकेत, २०२५ मध्ये 'नोआ'तून शेकडो लोकांना कमी केलं, २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तर तिचा संशोधन विभागच मोडीत काढायचं सुचवलं होतं. मोठ्या जहाजाचा एका दिवसाचा खर्च हजारो डॉलरांत जातो, तेव्हा काटछाट करणाऱ्याचा हात आधी तिथे पडणं मी समजू शकते. पण गेल्या वर्षीचं पाणी पुढच्या वर्षी जास्त पैसे देऊन मोजता येत नाही. आणि बाटल्या थांबल्या तर फ्लोटचे आकडे येतच राहतील, आलेखही निघत राहतील, फक्त ते बरोबर आहेत का हे विचारायची सोय उरणार नाही. त्या मेल लिहिणाऱ्यांना तेव्हा खरंच आयता मुद्दा मिळेल.

ज्यांनी मला मेल पाठवली त्यांना मी उत्तरादाखल रत्नागिरीसमोरच्या एका आर्गो फ्लोटची फाइल पाठवली. ते निवृत्त इंजिनियर आहेत. दोन दिवसांत त्यांनी आलेख काढला आणि विचारलं की क्षारतेच्या दोन रकाने का आहेत, एक मूळ आणि एक दुरुस्त? मूळ आकडा कधीही खोडत नाहीत, दुरुस्ती शेजारी लिहितात, कोणी केली आणि कशावरून केली यासह. पुढच्या बैठकीला ज्यांना रस असेल त्यांनी लॅपटॉप आणा, आपण त्या दोन रकान्यांतला फरक सगळे मिळून काढून बघू. आता प्रश्न घेऊ या. आणि तो कप कोणाकडे आहे?